कितव्या मजल्यावर राहायचे?

हदगाव, हिमायतनगर, भोकर, किनवट या भागातील बरीच कुटुंबे आज नांदेडला घर बघत आहेत. कुणाला मुलीच्या बारावीच्या शिकवणीसाठी दोन वर्षे बिऱ्हाड करायचे आहे. कुणी एस.टी.तून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन फंडाचे पैसे हाती घेऊन बसले आहे. कुणाचा मुलगा पुण्याकडे कंपनीत लागला आहे आणि "आता गावी दोघेच राहू नका" म्हणून आई-वडिलांच्या मागे लागला आहे. दर काय, कर्ज किती, रजिस्ट्री कधी, याची चौकशी सगळेच करतात. पण एक प्रश्न बहुतेक वेळा बिल्डरच्या ऑफिसात, चहाचा कप हातात असताना, दोन मिनिटांत निकालात निघतो. कितवा मजला? "तिसऱ्यावरचा घ्या, हवा चांगली येते, शिवाय स्वस्तात पडेल," असे समोरचा म्हणतो आणि आपण मान डोलावतो.

आपल्या आधीच्या पिढीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. घर जमिनीवर असे. घर गावकुसाच्या आत की बाहेर, ओढ्याच्या कोणत्या अंगाला, एवढेच काय ते ठरायचे आणि तेही आपण ठरवत नव्हतो. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला जिना नसलेल्या, अनेक मजली मनोऱ्याची उपमा दिली होती. ज्याचा जन्म ज्या मजल्यावर, त्याचे मरणही त्याच मजल्यावर, असा त्या उपमेचा आशय. आज भाड्याचे घर मागायला गेले की मजल्याआधी आडनाव विचारणारे घरमालक आहेतच. तरीही आपल्या पैशाने घर घेताना मजला निवडण्याची संधी आपल्याला मिळते आहे, तर ती दोन मिनिटांत का घालवावी?

आमचे म्हणणे असे की मजला हवेवरून, देखाव्यावरून किंवा मेव्हण्याच्या सल्ल्यावरून ठरवू नये. घरात जे माणूस सर्वांत कमी चालू शकते आणि जे दिवसाचे सर्वांत जास्त तास घरात असते, त्याच्यावरून ठरवावा. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे म्हातारी आई, आणि घर बघायला जाताना तिला सोबत नेलेलेच नसते.

जिना मोजून बघा

एका मजल्याची उंची साधारण दहा फूट धरा. पायरी सहा-सात इंचांची. म्हणजे एका मजल्याला सतरा-अठरा पायऱ्या झाल्या. तिसरा मजला म्हणजे पन्नासच्या वर पायऱ्या. जुन्या इमारती तळमजला आणि वर तीन मजले अशा असतात आणि त्यांत लिफ्ट बहुधा नसतेच. चाळिशीतल्या माणसाला पन्नास पायऱ्या म्हणजे काहीच नाही. तो बिल्डरच्या माणसाबरोबर एकदा चढून जातो, गच्चीवरून गोदावरी दिसते का ते बघतो आणि खूश होऊन उतरतो. दहा वर्षांनी आपले गुडघे कसे असतील, हे तो विचारात घेत नाही. आईचे गुडघे तर आजच गेलेले असतात.

हदगावकडच्या खेड्यात राहणारी आपली एखादी आजी डोळ्यांसमोर आणा. सकाळी ओसरीवर बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला जयभीम करायची, कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा मुलगा भरतीत निघाला, हे तिला घरबसल्या कळायचे. पौर्णिमेला पांढरे लुगडे नेसून विहारात जायची. दुकानातून पावशेर साखर स्वतः आणायची. तिला नांदेडला तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवले की पहिला महिना ती उतरते, दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा, आणि पावसाळा लागला की ओल्या जिन्याच्या भीतीने उतरणेच बंद होते. घरात टी.व्ही. आहे, पंखा आहे, दोन वेळचे जेवण ताटात येते. मुलगा-सून मनापासून करतात. पण तिचे माणसांत बसणे संपलेले असते. वर्षभरात ती "मला गावी सोडा" म्हणू लागते, आणि लोक म्हणतात, म्हातारीला शहर मानवले नाही! शहर कदाचित मानवलेही असते, पहिल्या मजल्यावर राहून.

आजारपणाचेही बघावे. रात्री दोनला छातीत दुखू लागले तर तिसऱ्या मजल्यावरून माणूस खाली कसा आणणार? अरुंद जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही. मग प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणायचे, आणि त्यात मोलाची मिनिटे जातात. घरात मृत्यू झाला तर त्या माणसाला खाली आणतानाचे हाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे अधिक सांगायला नको. म्हणून घर बघताना जिन्याच्या वळणावर उभे राहून बघावे : येथून एक खाट आडवी जाईल काय? जात नसेल तर वरचा मजला कितीही स्वस्त असो, त्याचा नाद सोडावा.

लिफ्ट असेल तर गोष्ट वेगळी. पण लिफ्ट आहे एवढ्यावर समाधान मानू नका. वीज गेल्यावर ती चालते काय, जनरेटर किंवा बॅटरी आहे काय, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते की नुसती चार माणसे उभी राहतात, हे विचारा. नांदेड-लातूरच्या लोकांना भारनियमन म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. आणखी एक. नवीन इमारतीत लिफ्टचा खोका बसवलेला असतो, पण परवाना आणि जोडणी मिळायला महिनेच्या महिने जातात. सुरू झालेली लिफ्ट डोळ्यांनी पाहावी, तीत बसून वर जावे, मगच मजल्याचे बोलावे.

पाणी वर कोण चढवते?

मजल्याचा खरा भार घरातल्या बाईवर पडतो, आणि तो पाण्याच्या रूपाने पडतो. नगरपालिकेचे वा महापालिकेचे पाणी जमिनीखालच्या टाकीत येते. तेथून मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि मग नळाने घराघरांत उतरते. आता यात एक गंमत आहे, जी बिल्डर सांगत नाही. नळाला जोर येतो तो टाकी किती उंचावर आहे त्यावरून. तळमजल्याची तोटी टाकीपासून तीस-चाळीस फूट खाली असते, म्हणून तेथे धार जोरात पडते. सर्वांत वरच्या मजल्यावरची तोटी टाकीच्या जेमतेम काही फूट खाली असते, म्हणून तेथे पाणी करंगळीएवढे येते. टाकी गच्चीवर उंच कट्टा बांधून ठेवली असेल तर बरे, नाहीतर शेवटच्या मजल्यावर अंघोळीला बादली भरेपर्यंत शाळेची वेळ होते.

मोटार जळाली किंवा वीज गेली तर? सरकारी मापाने शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घराला हे ६७५ लिटर झाले. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजले तर ४५ हंडे. तेवढे पाणी कुणी वर नेत नाही हे खरे, पण काटकसरीने पाव हिस्स्यात भागवले तरी अकरा-बारा हंडे होतात. पंधरा किलोचा हंडा कमरेवर घेऊन पन्नास पायऱ्या, दिवसातून अकरा वेळा. हे पुरुषाने केलेले आपण किती घरांत पाहिले आहे?

लातूरकरांनी हा अनुभव २०१६ च्या उन्हाळ्यात घेतला. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिलला पोहोचली. तेव्हा नळ कोरडे होते आणि भरवसा होता तो टँकरवर. ज्या इमारतीला जमिनीखाली मोठी टाकी होती तेथे टँकर रिकामा करता येई. जेथे ती नव्हती तेथे पाणी रस्त्यावरून घरापर्यंत हातानेच न्यावे लागे, मग घर कितव्याही मजल्यावर असो. म्हणून घर बघताना आधी खालची टाकी बघावी, मग हॉल आणि किचन.

जाता जाता गॅसच्या टाकीचेही सांगतो. सिलिंडर घराच्या दारापर्यंत पोहोचवणे हे एजन्सीचे काम आहे. घरपोच देण्याचा खर्च बिलातच धरलेला असतो आणि मजला वरचा म्हणून वेगळे पैसे मागता येत नाहीत. पण आपल्या भगिनी जिन्यात उभे राहून वीस-तीस रुपये मुकाट्याने देतात. पोऱ्याला खुशीने द्यायचे असतील तर जरूर द्यावेत, त्याचेही पोट आहे. फक्त तो मजल्याचा कर आहे असे समजून देऊ नयेत.

स्लॅबखालचे घर

आता सर्वांत वरच्या मजल्याविषयी. नांदेड, हदगाव हा भाग साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, इतका की उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. म्हणजे पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर असतो त्याच दिवसांत गच्चीवर ऊन सरळ पडते. चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब ते दिवसभर पितो आणि रात्रभर खोलीत सोडतो. पंखा लावला तर तो ती गरम हवाच खाली ढकलतो. दिवसभर बाहेर कामावर असणाऱ्याला याचा त्रास रात्रीपुरता. पण लहान मूल, बाळंतीण, म्हातारे माणूस आणि घरीच शिलाई मशीन चालवणारी बाई यांनी दुपारी कोठे जायचे?

आपल्या जुन्या माळवदाच्या घरात असे होत नसे. लाकडी तुळयांवर जाड मातीचा थर असे. ऊन त्या मातीतच अडकायचे आणि खाली थंडावा राहायचा. स्लॅबला ती कला नाही. गच्चीला दरवर्षी मार्चमध्ये चुन्याचा पांढरा हात मारला तर बराच फरक पडतो, कारण पांढरा रंग ऊन परतवतो. पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर घातला तर आणखी चांगले, त्याने गळतीही थांबते. पण गच्ची सर्वांची असते. चुना मारायला आणि टाइल्स घालायला संस्थेची संमती लागते, आणि खालच्या मजल्यावरचे लोक "आम्हाला काय त्याचे?" म्हणतात.

येथे कायदा आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून पावसाचे पाणी गळत असेल तर त्याची दुरुस्ती आणि त्यामुळे वरच्या मजल्याच्या छताचा पडलेला गिलावा, हे दोन्ही संस्थेने संस्थेच्या खर्चाने करून द्यायचे आहे. एकट्या वरच्या घराने नव्हे. त्याच उपविधींत हेही आहे की लिफ्टचा खर्च इमारतीतील सर्व सभासदांनी सारखा द्यायचा, कुणी लिफ्ट वापरो अथवा न वापरो. तळमजल्यावरच्यांना हे अन्यायाचे वाटते आणि सभेत त्यावरून हमखास भांडण होते. पण दोन्ही नियम एकत्र वाचले की त्यामागचा विचार लक्षात येतो. इमारत सर्वांची, म्हणून तिचे डोके आणि पायही सर्वांचे. संस्था नोंदवलेली नसेल, तर मात्र उपविधी कपाटात राहतो आणि वरच्या मजल्यावरचा माणूस दर पावसाळ्यात परातीत पाणी धरत बसतो.

पश्चिमेच्या भिंतीचेही असेच. दुपारनंतरचे ऊन तिच्यावर पडते. मधल्या मजल्यावरचे घर असले तरी पश्चिमेच्या टोकाचे असेल तर संध्याकाळी भिंतीला हात लावून बघावा. याला वास्तुशास्त्र लागत नाही. अमुक मजला लाभतो, तमुक आकडा घातक, दक्षिणेचे दार नको, असे सांगणाऱ्याला पैसे देण्यापेक्षा मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता त्या रिकाम्या खोलीत अर्धा तास बसून यावे.

तळमजल्याचे सुख-दुःख

मग तळमजलाच घ्यावा काय? म्हाताऱ्या माणसाला याहून चांगले काही नाही. दार उघडले की जमीन. पण तळमजल्यालाही आपली दुखणी आहेत. ओल चढते, ड्रेनेज तुंबले की घाण पहिल्यांदा तळमजल्याच्या मोरीतून वर येते, धूळ आणि डास जास्त, चोराचे भय जास्त. वरच्या मजल्यावर डास कमी असतात हे खरे, पण झाकण नसलेल्या गच्चीवरच्या टाकीत डेंग्यूचा डास आनंदाने वाढतो, तेव्हा तेथेही निर्धास्त राहता येत नाही.

खरा प्रश्न नदीचा आहे. नांदेड गोदावरीच्या काठी वसले आहे. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या वस्त्यांची झोप उडते. हदगाव तालुक्यात पैनगंगा आहे, आणि इसापूर धरणातून पाणी सोडले की काठच्या गावांना इशारा दिला जातो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात रात्रीतून पाणी गावांत शिरले आणि माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. शहरात आपल्या लोकांच्या वस्त्या अनेकदा नदीच्या, नाल्याच्या सखल अंगालाच आहेत, कारण तेथेच जागा मिळाली. अशा जागी तळमजला घेण्याआधी त्या गल्लीतल्या जुन्या चहावाल्याला विचारावे : मागच्या मोठ्या पुरात पाणी कोठवर आले होते? तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. त्या हाताच्या खाली आपला ओटा येत असेल तर पहिला मजला घ्यावा. आणि मीटरची खोली, पाण्याची मोटार कोठे बसवली आहे तेही बघावे. मोटारच पाण्यात गेली तर वरचे मजलेही तहानलेले राहतात.

हादरा आणि मजला

आपल्या भागात वरच्या मजल्याला घाबरण्याचे एक कारण किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झालेल्या त्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद भागातील (आताचा धाराशिव जिल्हा) गावेच्या गावे नाहीशी केली, हजारो माणसे गेली. त्यानंतर कित्येक वर्षे लोक पत्र्याखाली झोपत. पण तेथे माणसे कशाखाली सापडली हे आठवा. ती घरे बहुतेक एकमजलीच होती. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-तीन फूट जाड भिंती आणि वर तेच थंडावा देणारे, पण फार जड माळवद. तळाशी राहिल्याने कुणी वाचले नाही. भिंत कशाने बांधली आहे, यावर जगणे-मरणे ठरले.

याच्या उलट गुजरातचे उदाहरण. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांतल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला होता. वर घरांच्या भिंती आणि खाली नुसते बारीक खांब. हादरा बसला तेव्हा ते खांब मोडले आणि वरचे मजले जागच्या जागी खाली बसले. आज नांदेडला, लातूरला आणि आता तालुक्याच्या गावीही अशाच खांबांवरच्या इमारती उभ्या राहत आहेत. २०२४ मध्ये २१ मार्च आणि १० जुलै या दोन्ही दिवशी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते नांदेडपर्यंत जाणवले. वरच्या मजल्यावर हलणे जास्त जाणवते, भांडी वाजतात, पंखा झुलतो, माणूस घाबरतो. घाबरणे साहजिक आहे. पण विचारायचे ते असे की पार्किंगचे खांब किती जाड आहेत, त्यांच्यामध्ये काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती आहेत काय, आणि नकाशावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आहे काय. आपल्याच समाजात आज सिव्हिल इंजिनिअर झालेली मुले-मुली आहेत. घर घेताना त्यांच्यापैकी एकाला एक रविवार सोबत न्यावे.

आगीसाठीही एक सूचना. वरच्या मजल्यावर लहान मुलांच्या भीतीने आपण खिडक्यांना, गॅलरीला पक्क्या जाळ्या लावतो. लावाव्यातच. पण एका जाळीला आतून उघडणारा दरवाजा ठेवावा आणि त्याची किल्ली घरातल्या सर्वांना ठाऊक असावी. जिन्यात धूर भरला तर खिडकीशिवाय बाहेर पडायला वाट राहत नाही. आणि आगीच्या वेळी लिफ्टमध्ये पाऊल टाकू नये, हे मुलांना पाढ्यांसारखे पाठ करून घ्यावे.

पैशाचे गणित

लिफ्ट नसलेल्या इमारतीत वर जावे तसा दर उतरतो. लिफ्टच्या उंच इमारतीत वर जावे तसा दर चढतो, त्याला बिल्डर फ्लोअर राइज म्हणतात. मुंबईत तर सरकारी रेडीरेकनरही पाचव्या मजल्यापासून वर मूल्य वाढवत नेतो, म्हणजे मुद्रांक शुल्कही वाढते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे : लिफ्ट नसेल तर पहिला मजला घ्यावा, तोही म्हातारे माणूस एकेका पायरीवर थांबत चढू शकत असेल तर. दुसरा मजला तरुण कुटुंबाने घ्यावा. शेवटचा मजला स्वस्त म्हणून घेतला तर गच्चीचा चुना, टाइल्स आणि पुढे कधीतरी कूलर यांचा खर्च आधीच धरावा. तो धरल्यावर स्वस्ताई फारशी उरत नाही. लिफ्टच्या इमारतीत मात्र मधला मजला घ्यावा आणि देखाव्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. गोदावरी गच्चीवर जाऊन फुकटही बघता येते.

मजला चिठ्ठीने लागतो तेव्हा

एवढे सगळे खरेदीचे झाले. पण आपल्या समाजातील पुष्कळांना घर मिळते ते योजनेतून, आणि तेथे मजला चिठ्ठीने लागतो. याचे आजचे मोठे उदाहरण मुंबईत आहे.

मुंबईच्या चाळींचा आणि आपला संबंध जुना. परळच्या बी.आय.टी. चाळीत पहिल्या क्रमांकाच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत १९१२ ते १९३४ पर्यंत बाबासाहेबांचे बिऱ्हाड होते. मराठवाड्यातून, कोकणातून आलेला माणूस त्या जिन्यावरून भेटायला चढे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. एकूण २०७ इमारती, प्रत्येकी तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. संडास सामाईक. तीन-तीन पिढ्या त्या खोल्यांत वाढल्या. दुसऱ्या मजल्यावरून हाक मारली की खाली पटांगणात ऐकू येई, आणि जयंतीची मिरवणूक गॅलरीतून दिसे.

त्या चाळींच्या जागी म्हाडाने पुनर्विकास सुरू केला. रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे, वरळीला चाळीस मजली मनोरे, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाला वीस-बावीस मजल्यांवरच्या इमारती. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी देण्यात आल्या. कोणाला कितवा मजला हे सोडतीने ठरले. वशिला चालला नाही ही चांगली गोष्ट. पण चिठ्ठीला गुडघे कळत नाहीत. एकाच मजल्यावर चाळीस वर्षे शेजारी राहिलेल्या दोन म्हाताऱ्या एकीला सातवा आणि दुसरीला एकतिसावा अशा लागू शकतात. एवढ्या उंचीवर घरात गॅलरीतून हाक मारणे संपते, फोन करावा लागतो. लिफ्ट बंद पडली तर एकतिसावा मजला म्हणजे साडेपाचशे पायऱ्या. अशा उंच इमारतींत आगीच्या वेळी थांबण्यासाठी मोकळी जागा ठेवलेली असते, तिला रेफ्युज म्हणतात. नवीन रहिवाशांनी राहायला गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात ती कोणत्या मजल्यावर आहे हे चालत जाऊन बघावे. आणि तेथे कुणी सायकली, गाद्या, जुनी कपाटे रचू लागले तर वेळीच अडवावे, मग तो आपला पाहुणा असला तरी.

आपल्या भागातील वाचकांना उपयोगाची गोष्ट पुढची आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले होते की ज्या कुटुंबात ज्येष्ठ नागरिक किंवा अपंग व्यक्ती आहे, त्यांना घर देताना शक्यतो तळमजला किंवा खालचा मजला द्यावा. ही सवलत मागितल्याशिवाय कुणी हातात आणून देत नाही. कोणत्याही घरकुल योजनेत किंवा म्हाडाच्या सोडतीत अर्ज भरताना आई-वडिलांचे वय, अपंगत्वाचे प्रमाणपत्र ही कागदपत्रे पहिल्याच दिवशी जोडावीत आणि खालच्या मजल्यासाठी वेगळा अर्ज करून त्याची पोच घ्यावी. चिठ्ठी निघाल्यावर केलेल्या अर्जाला फार वेळा "आता उशीर झाला" हेच उत्तर मिळते.

चिठ्ठीत वरचा मजला लागलाच, तरी एक वाट राहते. आदर्श उपविधींत दोन सभासदांना परस्परसंमतीने सदनिकांची अदलाबदल करता येण्याची तरतूद आहे. दोघांनी मिळून संस्थेच्या सचिवाकडे अर्ज करायचा असतो. योजनेचे घर असेल तर ज्या कार्यालयाने घर दिले त्याची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि व्यवहार कोऱ्या कागदावर, तोंडी भरवशावर मुळीच करू नये. खालच्या मजल्यावर एखादे तरुण जोडपे असते, त्यांना वारा हवा असतो. वर एखादी आजी असते, तिला दार उघडल्यावर माणसे हवी असतात. संस्थेची पहिली सभा होईल त्या दिवशी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला सांगावे, आणि त्या सभेला आजीला खुर्चीत बसवून खाली आणावे.